बगळ्यांचा लिलाव

५ ऑगस्ट १९७३, रविवार

हरलो! आणि तेही एका ब्रश विकणाऱ्यामुळे.

बेसबॉलचे डाव नऊ, आणि आमच्या डूलीने आठव्या डावापर्यंत समोरच्यांना एकही हिट मारू दिला नव्हता. एकही नाही! अशा वेळी काय करायचं असतं ते आमच्या स्टॅनविकमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे — काहीच करायचं नसतं. त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. चेंडू टाकणारा बाकावर येऊन बसला की बाकीच्यांनी उठून लांब जायचं, जणू त्याला देवी आल्या आहेत. त्याच्याशी बोलायचं नाही, त्याच्याकडे बघायचं नाही. पहिल्या डावानंतर मी पार्कातल्या ऑर्गनवर जी पोल्काची नाचाची धून वाजवली तीच प्रत्येक डावानंतर वाजवत राहिले. बदलायची छाती कुणाची?

आणि तिसऱ्या रांगेतला तो परगावचा ब्रशवाला उठून मोठ्याने म्हणतो, "अहो, या पोराला अजून एकही हिट बसलेला नाही की!" पुढचाच चेंडू — खाडकन् उजव्या कुंपणावर. श्टेफ मातुश्का खाटकाने ब्रशवाल्याची टोपी काढून घेतली, मोहरीच्या सॉसच्या भांड्यात बुडवली आणि फार अदबीने परत दिली. जिभेला हाड नसलं की असं होतं.

माझा नवरा एमिल सामन्याच्या पार्कातून घरी येईपर्यंत हसत होता, बडबडत होता. दार उघडलं आणि गप्प.

७ ऑगस्ट

झालं, आता पक्कं. बगळे विकायला निघाले. म्हणजे आमची टीम. मालकाचं दिवाळं वाजलं हे जूनपासून सगळ्यांना माहीत होतं, पण आता कोर्टच लिलाव करणार आहे. पार्क गावाचं, ते राहील. पण नाव, गणवेश, लीगमधली जागा आणि ती खडखडणारी बस — हे सगळं जो जास्त बोलेल त्याचं.

फ्लोरिडाचा कोणी लॅनिअर आहे, त्याची मोटेलं आहेत. तो घेणार आणि टीम उचलून फ्लोरिडाला नेणार. उघड सांगतोय. दुसरे आम्ही — गावाने वर्गणी काढून बोली लावायची ठरवली आहे, श्टेफ अध्यक्ष. तिसराही एक आहे, सर्कसवाला. त्याला फक्त बस हवी आहे म्हणे!

एमिलला विचारलं, काय वाटतं तुला? "हं," म्हणाला.

८ ऑगस्ट

काल लिहिलं नाही ते आज लिहिते. इथे कोण वाचतंय!

एमिल माझ्याशी फक्त पार्कात बोलतो. घरी मीठ दे, खिडकी लाव, संपलं. काच कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून तर तेवढंही नाही. भांडण नाही, राग नाही, वाईट माणूस नाही. पण पार्काची पायरी चढला की माझ्या ऑर्गनच्या कठड्याला टेकून उभा राहतो आणि सुरू होतो — अंपायर आंधळा, डूलीचं कोपर, श्टेफच्या सासूचं लग्न, आम्ही पहिल्यांदा नाचलो तो हॉल, सगळं! एप्रिल ते सप्टेंबर मला नवरा असतो. बगळे गेले तर बारा महिन्यांची गुळणी. मला टीमचं फार काही नाही, मला हे आहे.

१२ ऑगस्ट, रविवार

चर्चच्या तळघरात पिरोगी! सकाळच्या प्रार्थनेला ऑर्गन वाजवला आणि तशीच खाली उतरले. बायकांची रांगच रांग — कोणी लाटतंय, कोणी बटाटा भरतंय, कोणी कडा चिमटतंय. इर्मा पालोविच माझ्या शेजारी. तिच्या पिरोगी उकळताना फुटतात आणि ती म्हणते भांड्याचा दोष! विक्री झकास. हात अजून लोण्याचे आहेत, या पानावर डाग पडला.

आणि कोण यावं? लॅनिअर! पांढरे बूट घालून, तळघरात, शत्रूच्या गोटात. दोन ताटं खाल्ली. तिसरं मागितलं. श्टेफ म्हणाला, "पोटभर खा साहेब, तुमच्याच विरुद्ध चाललेत पैसे." तो हसला. माझ्याकडे वळून म्हणाला, "पार्कातला ऑर्गन तुम्हीच वाजवता ना बाई? फार जुना आहे का?"

मी म्हटलं, "जुना आहे, पण बसल्या जागी राहतो. गावोगाव हिंडत नाही."

इर्माने मला इतक्या जोरात कोपर मारलं की पिरोगी खाली पडली. माणूस वाईट नाही, हाच वैताग आहे. वाईट असता तर सोपं होतं.

छान दिवस गेला. खोटं कशाला बोला.

१८ ऑगस्ट

किती जमले ते लिहीत नाही. लिहिलं की दृष्ट लागते.

२३ ऑगस्ट, गुरुवार

पिट्सबर्गच्या कोर्टात गेलो होतो. अर्धं गाव बसने — त्याच बसने, जिचा लिलाव होता! सर्कसवाला दारात उभा राहून तिची चाकं बघत होता. मग इंजिनाचा आवाज ऐकला आणि निघूनच गेला.

उरले दोघे. लॅनिअर बोलला. श्टेफ थोडं चढवून बोलला. असं बराच वेळ. मग श्टेफ बोलला आणि लॅनिअर गप्प बसला. वकिलाच्या कानाला लागला. आम्ही पुढे होतो!

आणि इथे घोळ झाला. असा घोळ फक्त आमचेच लोक घालू जाणे. न्यायाधीश फिलाडेल्फियाकडचा, पुढे असताना तसं तोंडाने म्हणायचं नसतं हे त्याला काय माहीत? तो म्हणतो, "सध्या गावाची बोली सर्वांत वर आहे, बरोबर? नोंदीसाठी कोणीतरी स्पष्ट सांगा." कोण सांगणार! सगळ्यांच्या तोंडात मिठाची गुळणी. श्टेफ आपल्या बुटांकडे बघतोय. फादर छताकडे. इर्माने तर तोंडावर रुमालच दाबला. न्यायाधीश चिडला. "मिस्टर मातुश्का, तुम्हाला वाचा आहे ना? मघापासून आकडे तर ओरडत होता! या बोलीमागे कोणी उभं राहणार नसेल तर मी ती रद्द करतो."

आणि एमिल उभा राहिला. माझा एमिल, जो घरी मीठसुद्धा खुणेने मागतो! खणखणीत आवाजात म्हणाला, "आमची आहे, साहेब. आम्ही पुढे आहोत."

मागून कोणीतरी "अरे देवा" म्हणालं. आणि लॅनिअरने हात वर केला. एकदम एवढा मोठा आकडा बोलला की श्टेफ मटकन खालीच बसला.

मी उठून बाहेर जिन्यावर जाऊन रडले. बऱ्याच वेळाने आतले सगळे बाहेर आले. एमिल सगळ्यांत शेवटी, एकटा. श्टेफ त्याच्या अंगावरून गेला पण वर पाहिलं नाही. बसमध्ये त्याच्या पुढची, मागची, शेजारची सगळी बाकं मोकळी. मी जाऊन बसणार तर इर्माने मला हाताला धरून आपल्याजवळ ओढलं. "तू इथे बस," म्हणाली. बस्स, एवढंच.

२४ ऑगस्ट

एमिलला वाळीत टाकलंय!! न्हाव्याने त्याला खुर्चीत बसवलं, केस कापले, पैसे घेतले — एक शब्द नाही. पोस्टातली बाई त्याला बघून आत गेली.

तो बोलला नसता तर बोली रद्दच झाली असती हे कोणाला दिसत नाही का? गाढवं सगळी.

२७ ऑगस्ट

पायरीवर अक्रोडाचा रोल ठेवलेला. दार वाजवलं नाही, चिठ्ठी नाही. काल हालुश्कीचं, म्हणजे कोबी-शेवयांचं, भांडं होतं, कोबी अगदी इर्मा परतते तसा काळपट. म्हणजे मनातून लाजतात, पण तोंडाने बोलायला नको! ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं. परत पाठवणार होते. एमिलने आधीच अर्धा रोल संपवला होता.

आणि हा माणूस शीळ घालतो! गाव थुंकत नाही याच्यावर, आणि हा अंगणात शीळ घालत टोमॅटो बांधतो. जेवायला मात्र ताट घेऊन मागच्या पायरीवर जातो. मी म्हटलं, "मीसुद्धा नको झाले का आता?" त्याने माझ्या खांद्यावर थोपटलं आणि गेला.

२९ ऑगस्ट

श्टेफच्या दुकानात गेले. कोल्बासीचे सॉसेज तोलताना त्याला चांगलं सुनावलं. म्हटलं, "चाळीस वर्षांचा मित्र तुझा. एका वाक्यासाठी?" त्याचा चेहरा लालबुंद. तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. शेवटी म्हणाला, "व्हेरा, तुला आणखी थोडी कोल्बासी देऊ का?"

घेतली. राग वेगळा, कोल्बासी वेगळी.

३ सप्टेंबर, सोमवार

शेवटचा सामना. पार्क तुडुंब. पुढच्या वर्षी इथे गवत वाढेल म्हणून सगळे आले असतील, मला वाटलं.

डूली छान खेळला, दोन हिट दिले फक्त. हवा कोवळी, उन्हाला धार नाही, कांदे परतल्याचा वास. दुःखाच्या दिवशीसुद्धा बरं वाटत होतं, काय करू! पहिल्या डावानंतर ती पोल्का वाजवली. नंतर दुसरं काही सुरू केलं तर श्टेफ खालून दोन्ही हात हलवायला लागला — तीच, तीच! म्हटलं, बरं बाबा. शेवटचा दिवस आहे, तीच घ्या.

एमिल आज कठड्याशी आला नाही. समोरच्या स्टँडमध्ये बसला होता, मधोमध. आणि त्याच्या चारी बाजूंनी खुर्च्या मोकळ्या! तुडुंब पार्कात एवढं रिकामं वर्तुळ आणि मध्ये माझा नवरा, मांडीवर शेंगदाण्याची पिशवी घेऊन. लोक पायऱ्यांवर उभे राहिले पण तिथे बसले नाहीत.

सातव्या डावाला मला राहवलं नाही. ऑर्गन सोडला. खाली उतरले, सगळ्यांदेखत त्या वर्तुळात शिरले. कुणीतरी "नको, नको" म्हणालं, इर्माने स्कर्ट धरला, मी झटकला. जाऊन त्याच्या शेजारी बसले. म्हटलं, "मी आहे. कुणी नसलं तरी मी आहे."

एमिलने माझ्याकडे पाहिलं. डोळे भरले होते त्याचे, हे मी शपथेवर सांगते. मग उठला आणि दोन खुर्च्या पलीकडे सरकून बसला.

माझा नवरासुद्धा सरकला.

परत वर गेले आणि पोल्का वाजवली. बोटं आपोआप चालतात.

४ सप्टेंबर

काही लिहावंसं वाटत नाही. टोमॅटो भरपूर आलेत.

७ सप्टेंबर, शुक्रवार

दुपारी कोर्टातून फोन. लॅनिअरने आज बारापर्यंत पूर्ण पैसे भरायचे होते, भरले नाहीत. आकडा बोलून बसला, पण बँकेने हात वर केले! म्हणून दुसरी बोली धरली. आमची. बगळे आमचे!!

मी जिन्यावर रडत होते तेव्हा न्यायाधीशाने विचारलं होतं म्हणे, पहिल्याचं फिसकटलं तर दुसऱ्या बोलीसाठी कोणाचं नाव लिहू? एमिलने स्वतःचं सांगितलं. तेव्हापासून सगळं त्याच्या नावावर लटकत होतं. गावाला माहीत होतं, म्हणून आठव्या डावातल्या डूलीसारखं त्याला लांब ठेवलं — कोणी त्याच्याशी बोललं नाही, जवळ बसलं नाही. जन्म गेला माझा त्या पार्कात, आणि ओळखलं नाही मी!

दारात सगळे उभे होते, टोप्या हातात. अजूनही गप्प! शेवटी श्टेफ म्हणाला, "एमिल, आता बोललं तर चालेल ना रे?"

मी एमिलला म्हटलं, मला तरी सांगायचंस! तर म्हणतो, "तू लिहून ठेवलं असतंस."

संध्याकाळ झाली. लोक कधीच गेले. तो अजून बोलतोय — स्वयंपाकघरात, माझ्या खुर्चीला टेकून. अंपायर, डूलीचं कोपर, पहिल्यांदा नाचलो तो हॉल. मी मीठ मागितलं तर ऐकतसुद्धा नाही.