तिसरी सही

सौंसर
१९ जानेवारी २०२५

चि. भूपेंद्र यास,
ताईचे अ. आ. वि. वि.

मोबाईलच्या काळात ताईला पत्र कुठून सुचलं म्हणून तू हसशील. पण फोनवर आपण दोघं एकमेकांचं एक वाक्य धड संपू देत नाही. परवा तू फोन आपटलास, मग मीही दिवसभर घरात भांडी आपटली. कागदावर निदान मधे तोंड घालता येत नाही.

तुला माहीत आहे तेच पुन्हा लिहिते, कारण तू ते विसरल्यासारखा वागून राहिला आहेस. बाबांनी पांढुर्ण्याचं घर ट्रस्टमध्ये ठेवलं ते अभिजीतसाठी. तो जन्मापासून ऐकू शकत नाही, आपल्यामागं त्याला कोणी घराबाहेर काढू नये, एवढीच आईबाबांची काळजी होती. तो आहे तोवर घर त्याच्या राहण्यासाठी, आणि विश्वस्त तू आणि मी. घराचं काहीही करायचं तर दोघांच्या सह्या लागतात. पांढुर्णा जिल्हा झाला, बाजारातल्या जागेला मोल आलं, हे मला कळतं. पण घर विकत मागणाऱ्या त्या डॉक्टरांना दवाखाना बांधायचा आहे म्हणून आपल्या भावानं घर सोडावं, हे कळत नाही. माझी सही मिळणार नाही.

दुसरं म्हणजे, अभी या महिन्यात सौंसरला आला नाही. मृगाच्या बहाराची संत्री उतरायला लागली की तो हमखास येतो, पिशवी भरून नेतो. यंदा मी मेसेज केला तर नुसता अंगठा पाठवला. तब्येत बरी आहे ना? तू गावातच आहेस, जरा डोकावून ये आणि कळव.

वंदनाला आशीर्वाद. माया आहेच, ती भांडणानं आटू देऊ नकोस.

तुझी ताई,
सुचिता


पांढुर्णा
२७ जानेवारी २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पाहून वंदना घाबरली, कोर्टाची नोटीस आली समजली. वाचून झाल्यावर म्हणाली, नोटीस यापेक्षा मऊ असते.

ताई, तू सौंसरात बसून घर सांभाळतेस, मी इथं अभीला सांभाळून राहिलो. पावसाळ्यात मागच्या भिंतीचा तुकडा पडला. शेजारचे जमा झाले, आवाज केवढा झाला म्हणतात, अन् हा समोरच्या खोलीत कॉम्प्युटरवर कोणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स बनवत बसला होता. त्याला काही पत्ता नाही. तेव्हापासून माझी झोप गेली. घर विकून टाकू, पैसा त्याच्या नावानं ठेवू, त्याला माझ्याकडं वरची खोली देऊ, असं मी म्हणून राहिलो. त्यात माझा काहीच स्वार्थ नाही असं म्हणत नाही. पुढं आपल्या दोघांच्या लेकरांचा त्यात वाटा आहे, तो आज चांगल्या भावात मोकळा झाला तर मला वाईट वाटणार नाही. पण पहिली गोष्ट भीतीच आहे.

आता तुझ्या प्रश्नाचं. तब्येत उत्तम आहे. उलट अंगावर नवा शर्ट दिसला. पण दोन गोष्टी मला समजल्या नाहीत. एक, दर रविवारी तो पॅसेंजरनं तिगावला जाते. कशाला म्हणून विचारलं तर हातानं दाखवते, काम. तिगावात त्याच्या फ्लेक्सचं एवढं काय काम? दुसरं, त्याच्या खोलीत बेलचा दिवा आहे नं, दारावरची बेल दाबली की पेटते तो. तसाच एक दिवा त्यानं स्वयंपाकघरात लावला अन् एक मागच्या अंगणात. काहून म्हणून विचारलं तर खांदे उडवले.

तुला काही सुचत असेल तर लिही. भाऊजींना नमस्कार. रागावली असशील तरी आशीर्वाद कमी करू नको.

तुझा,
भूपेंद्र


सौंसर
२ फेब्रुवारी २०२५

चि. भूपेंद्र यास,
अ. आ. वि. वि.

भिंतीचं मला तू पावसाळ्यात का नाही सांगितलंस? सांगितलं असतंस तर मी एवढं टोचून लिहिलं नसतं. थोडं टोचलं असतंच.

तुझं पत्र आल्यापासून माझ्या डोक्यात तो स्वयंपाकघरातला दिवा फिरून राहिला आहे. काल भाजी चिरताना मधेच थांबले आणि तुझ्या भाऊजींना विचारलं, एकटा माणूस एका वेळी एकाच खोलीत असतो, मग त्याला तीन दिवे कशाला? ते म्हणाले, फिरायला. त्यांना मी पुढं काही विचारलं नाही.

मी असा विचार केला. अभी स्वयंपाकघरात किती वेळ असतो? चहा करतो, खिचडी लावतो, ताट घेऊन कॉम्प्युटरपुढं जाऊन बसतो. अंगणात तर तो जातच नाही. म्हणजे दिवे त्याच्यासाठी नाहीत. मग कोणासाठी? ज्याला ऐकू येतं त्याला दिवा लागत नाही. इथपर्यंत मी आले आणि पुढं मला भीती वाटायला लागली. कोणी त्याच्या भोळेपणाचा फायदा तर घेत नाही ना? घरात घुसायचं, मग कागदावर अंगठा नाहीतर सही घ्यायची, असले किस्से आपण ऐकतो.

येत्या रविवारी तू तिगावला जा. त्याला कळू देऊ नकोस. हे मला शोभत नाही हे मला माहीत आहे, शाळेत मी पोरांना दुसऱ्याची वही पाहू नये असं शिकवत आले. तरी जा. आणि सगळं लिही, गाळू नकोस.

तुझ्या पत्राची वाट पाहते. वंदनेला आशीर्वाद, तिची नोटिशीची गोष्ट मी दोघातिघांना सांगितली.

ताई


पांढुर्णा
१० फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

गेलो होतो. तो पुढच्या डब्यात, मी मागच्या. तिगावला उतरून तो फाटकापलीकडच्या गल्लीत गेला अन् एका शिवणकामाच्या दुकानात शिरला. दुकान म्हणजे घराची पुढची खोली, दारावर ब्लाउज टांगलेले. मी समोरच्या टपरीवर चहा घेतला, मग दुसरा घेतला.

आत एक बाई मशीनवर बसली होती, चाळिशीच्या आतबाहेरची. अभी दिसल्याबरोबर तिनं मशीन थांबवलं अन् दोघं बोलायला लागले. हातानं. ताई, मी अभीला बेचाळीस वर्षांपासून पाहून राहिलो. आपल्याशी तो काय बोलते? जेवलो, काम, उद्या, नाही. तिथं त्याचे हात थांबतच नव्हते. ती मधेच त्याचा हात धरून त्याला थांबवायची अन् आपलं म्हणायची, मग तो मान हलवून तिच्याशी वाद घालायचा. एकदा दोघं हसले तर टपरीवाल्यानं मान वर करून पाहिलं. माझा भाऊ एवढा बोलका आहे हे मला माहीतच नव्हतं.

टपरीवाल्याला विचारलं. नाव यमुना. तिलाही ऐकू येत नाही. लहानपणी नागपूरच्या मूकबधिर शाळेत होती, म्हणजे अभीच्याच शाळेत. लग्न झालेलं नाही, भावाकडं राहते, गावातल्या शाळेचे ड्रेस शिवते. माणूस म्हणून तिला सगळे चांगलं म्हणतात.

मी भेटलो नाही. आधीच्या गाडीनं परत आलो. गाडीत बसून मला कसंतरीच वाटलं. वंदनेला सांगितलं तर ती म्हणाली, एवढं सोपं कोडं होतं, दिवा स्वयंपाकघरात लागला तेव्हाच समजायला पाहिजे होतं.

आता डॉक्टरांना काय सांगू ते मला समजून नाही राहिलं. तू सांगशील तसं.

तुझा,
भूपेंद्र


सौंसर
१५ फेब्रुवारी २०२५

चि. भूपेंद्र यास,
अ. आ. वि. वि.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. वाचताना डोळे भरून आले, मग एकदम थंड पडले. तू टपरीवर बसून विरघळलास, ठीक आहे. पण ती कोण, तिच्या भावाच्या मनात काय आहे, हे टपरीवाल्यावरून ठरवायचं का? आज लग्न होईल, उद्या तिचा भाऊ म्हणेल, घर बहिणीच्या नावावर करा. बाबांच्या कागदात अभिजीतच्या राहण्यासाठी असं आहे, बायकोचा त्यात शब्दही नाही. बाबांना हे कधी सुचलंच नव्हतं. मलाही नव्हतं सुचलं, खरं तर.

त्या घरात आईनं मरेपर्यंत सडा घातला. तिथं कोणी परकं माणूस चुलीपाशी उभं राहील, हे मला एकदम झेपत नाही. तू म्हणशील, विकायला निघालो तेव्हा ताई अभीसाठी भांडत होती, आता कोणासाठी भांडते? तोच प्रश्न मलाही पडला आहे आणि त्याचं उत्तर मला आवडत नाही.

पुढच्या शनिवारच्या बसनं मी येते. आपण दोघं आधी बोलू, अभीला मधे घ्यायचं नाही. त्याला उगाच त्रास नको.

माझ्यावर चिडू नकोस, निदान मी येईपर्यंत.

ताई


पांढुर्णा
२५ फेब्रुवारी २०२५

ती. ताई आणि ती. दादा यांस,
अभिजीतचा सा. न. वि. वि.

हे पत्र मी दोन कागदांवर सारखंच लिहिलं. एक ताईला, एक दादाला. माझं लिहिणं छोटं छोटं असते, समजून घ्या.

शनिवारी तुम्ही मागच्या अंगणात बोलत होते. मला चहा करायला पाठवलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तुमची तोंडं दिसतात. मी ओठ वाचतो हे तुम्हाला माहीत आहे. पण तुम्ही विसरता, कारण मी तुम्हाला आठवण देत नाही.

दादा म्हणाला, लग्न करू दे, घर राहू दे, मी डॉक्टरांना नाही म्हणून सांगतो. ताई म्हणाली, ती घरासाठी येत असेल तर. मग ताईनं पाठ फिरवली, पुढचं मला दिसलं नाही. त्याचंच मला वाईट वाटलं. वाईट बोलली असशील तरी चालते. अर्धं दिसलं ते नाही चालत.

यमुनाला शाळेपासून ओळखतो. ती माझ्या मागच्या वर्गात होती. मग खूप वर्षं काही पत्ता नव्हता. मागच्या वर्षी तिगावच्या एका दुकानाचा बोर्ड बनवायला गेलो, तिथं दिसली. आता आम्ही रोज व्हिडिओ कॉल करतो. तिनं मला घरासाठी हो म्हटलं नाही. तिनं आधी नाही म्हटलं होतं. ती म्हणाली, तुझ्या घराचे मालक तुझे भाऊबहीण आहेत, मी कोणाच्या घरात पाहुणी म्हणून जन्म काढणार नाही, एका भावाच्या घरात काढून राहिली आहे तेवढं पुष्कळ झालं. तेव्हा मी दिवे लावले, बेल तिलाही दिसावी म्हणून. ती येऊन पाहून गेली. मग हो म्हणाली.

मी वकिलाकडं गेलो होतो. कागदावर लिहून विचारलं. त्यांनी सांगितलं, तुम्ही दोघं राजी असले तर मलाही विश्वस्त करता येते. म्हणजे घराचं काहीही करताना तीन सह्या. बाबांनी कागद केला तेव्हा मी तिशीचा होतो. कमवत होतो. मला कोणी विचारलं नाही. बाबांवर राग नाही. पण त्यांनी घर माझ्यासाठी ठेवलं आणि माझ्या हातात दिलं नाही.

दादा, मी तुझ्याकडं वरच्या खोलीत येणार नाही. भिंत मी बांधून घेतली, अंगणात उभं राहूनही तुझं लक्ष गेलं नाही. ताई, मी घर कोणाच्या नावावर करणार नाही. आम्ही मागच्या भागात राहू. पुढची खोली माझ्या फ्लेक्सला आणि यमुनाच्या मशीनला.

मला तिसरी सही पाहिजे. तुमच्या दोन काढून नाही. तुमच्या बाजूला.

आणखी एक. माझ्या घरात तुम्ही खुशाल भांडा. पण तोंड माझ्याकडं करून भांडा.

संत्री राहून गेली. पाठवून द्या.

तुमचा,
अभिजीत


सौंसर
१८ मे २०२५

चि. अभिजीत व चि. सौ. यमुना यांस,
ताईचे अ. आ. वि. वि.

लग्नाच्या गडबडीतून आत्ता कुठं हात मोकळे झाले. तुम्हा दोघांचे फोटो पाहून इथल्या बायका विचारून राहिल्या की नवरीचं ब्लाउज कोणी शिवलं. मी सांगितलं, नवरीनं. आता चार जणींची मापं माझ्याकडं येऊन पडली आहेत, ती यमुनाला पाठवते. घाई नाही असं त्या म्हणतात, पण त्यांच्यावर विश्वास ठेवू नका.

अभी, तुझ्या पत्राला मी तेव्हा उत्तर लिहिलं नाही, वकिलाकडं येऊन सही केली. लिहायला बसले की शब्द शहाणपणाचे व्हायला लागायचे. मी पाठ फिरवली होती तेव्हा काय म्हणाले ते तुला सांगायचं राहिलं. मी भूपेंद्रला म्हणाले, ती घरासाठी येत असेल तर वाईट, आणि अभीसाठी येत असेल तर मग आपण त्याला इतकी वर्षं एकटं का ठेवलं. एवढंच होतं. भूपेंद्रला विचार हवं तर.

तुझी सही कागदावर उमटली तेव्हा वकिलांनी विचारलं, सही लागत नाही अशा रोजच्या गोष्टीत तिघांत मतभेद झाला तर कोणाचं चालणार. भूपेंद्र म्हणाला, माझं. मी म्हणाले, माझं. तू आमच्या दोघांच्या तोंडाकडं पाहिलंस आणि वहीवर लिहिलंस, तिघांतल्या कोणत्याही दोघांचं जे जुळेल ते. वकील हसले. तुला एवढं बोलता येतं हे मला या वयात कळतं आहे, याची मला लाज वाटते आणि गंमतही वाटते.

मी मोबाईलवर पाहून पाहून हातांची भाषा शिकून राहिले आहे. जेवण, पाणी, बहीण, संत्रं एवढं जमतं. म्हणून तर मागच्या रविवारी तुमच्याकडं मी आणि भूपेंद्र अंगणात फरशी घालायची की नाही यावर भांडत होतो, तेव्हा तुझ्याकडं तोंड करून होतो आणि मी मधे मधे हातही हलवले. त्यावर यमुनानं तुला हातांनी काहीतरी म्हटलं आणि तुम्ही दोघं भिंतीला टेकून हसत सुटलात. त्यात बहीण होती, ती मला कळली. बाकीचे शब्द मी घरी येऊन शोधले, सापडले नाहीत. तुझ्या भाऊजींनाही करून दाखवले, त्यांना वाटलं मला मुंग्या चावल्या.

काय म्हणाली ती? वाईट असलं तरी चालेल, पण पूर्ण कळव. उत्तराची वाट पाहते. माझ्यावरचा लोभ तुम्ही दोघांनी वाटून घ्या, त्याला सही लागत नाही.

तुमची,
ताई