बाबांचे त्रेसष्ट खड्डे

किजांग्वा, पाटे बेट
९ जानेवारी १९९४

ती. अथमानदादास,
सोमोयेचा सा. सलाम, वि. वि.

तुझं पत्र आणि टिमाचा फ्रॉक दोन्ही पोचलं. फ्रॉक दोन बोटं तोकडा आहे. तुझी भाची अजून तुझ्या मनात मागच्या ईदेएवढीच आहे असं दिसतं. पण रंग तिला इतका आवडलाय की अंग आखडून घालते आणि गल्लीभर मिरवते.

आता काळजीचं लिहिते. मशिदीमागच्या विहिरीचं पाणी बिघडलंय. पावसाच्या पाण्याची टाकी डिसेंबरातच कोरडी पडली, आणि बाकीच्या विहिरी तुला माहीतच आहेत, चहा केला तर मिठाचा काढा होतो. त्यामुळे सगळं गाव या एकाच विहिरीवर आहे. गेल्या महिन्यात एकोणीस मुलं जुलाबानं निजली. लामूहून नर्सबाई आल्या होत्या. त्या म्हणाल्या, उकळल्याशिवाय एक थेंब पिऊ नका. म्हणायला काय जातं! बेटावर सरपण कुठून आणायचं ते त्यांनी नाही सांगितलं.

बाबांचं म्हणणं, विहिरीला काही झालेलं नाही, आम्हा बायकांचे दोरच घाणेरडे. परवा शेजारच्या बी झैनाला त्यांनी हे तोंडावर सांगितलं. तिनं दोन दिवस आमच्याकडे खोबरं किसायला येणं बंद केलंय. त्यावर पुन्हा त्यांचं नेहमीचं सुरू: या गावातले संडासाचे खड्डे चाळीस वर्षं मी खणले, या कोम्बोनं खणलेला खड्डा कधी भरत नाही, मला कोण स्वच्छता शिकवणार? त्या शेकुवे मिस्त्रीच्या खड्ड्यांसारखे पाच वर्षांत उपसावे लागतात काय माझे?

नाखवा बकारीच्या हाती एक बाटली पाठवते आहे. विहिरीचंच पाणी आहे. मोंबासाला तपासून देणारं कुणी असेल तर बघ. बाबांना यातलं सांगितलेलं नाही.

बाकी क्षेम. आमच्यावरची माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
सोमोये


मोंबासा
२३ जानेवारी १९९४

चि. सोमोयेस,
अ. उ. आ., वि. वि.

तुझी बाटली पोचली. प्रयोगशाळेत माझ्या दुकानातल्या गिऱ्हाइकाच्या ओळखीचे एक म्वांगी म्हणून गृहस्थ आहेत. त्यांनी बूच काढून वास घेतला आणि विचारलं, पाणी तपासायचं आहे की तूप? बाई, निदान बाटली तरी घासायची! जंतू तपासायला पाणी बर्फातून आणि एका दिवसात यावं लागतं म्हणे. तुझं पाणी तीन दिवस बकारीच्या कोळंबीशेजारी झोपून आलं. पण माणूस भला. जे तपासता येण्यासारखं होतं ते त्यांनी तपासलं.

आता मन घट्ट करून वाच. पाण्यात नायट्रेट नावाचा क्षार चालतो त्याच्या चौपट निघाला. तो वरून पडलेल्या दोराबादलीचा नव्हे. तो जमिनीतून, संडासांतून येतो.

त्यांनी मला कागदावर काढून दाखवलं. बेटाखाली सगळा समुद्रच आहे. पावसाचं पाणी वाळूतून मुरतं आणि त्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, नारळाच्या दुधावर साय धरते तसं. तेवढीच पातळ साय आपण पितो. वर जे सोडू ते तिच्यातच उतरतं. मग त्यांनी विचारलं, तुमच्याकडे खड्डे किती खोल खणतात? मी म्हटलं, पाणी लागेपर्यंत. ते पेन्सिल खाली ठेवून म्हणाले, मग ते भरत नसतील. मी म्हटलं, हो, कधीच भरत नाहीत. त्यांनी विचारलं, मग ते सगळं जातं कुठं?

सोमोये, खड्डे कोण खणतं हे त्यांनी विचारलं, तेव्हा मी म्हटलं, गावातला एक जण.

हे बाबांना कळता कामा नये. या वयात हे त्यांना झेपणार नाही, आणि गाव काय म्हणेल? तू पाणी उकळत जा, मी इथून कोळसा पाठवतो. पुढचं पुढं बघू.

टिमाला पापा. पत्र लिहिण्यात आळस करू नये, मी वाट पाहतो.

तुझा दादा,
अथमान


किजांग्वा
५ फेब्रुवारी १९९४

ती. दादास,
सा. सलाम, वि. वि.

आधी चांगलं सांगते म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. टिमा घरी आहे, दोन्ही हातांनी भात खाते आहे आणि या क्षणी माझी चप्पल कोंबडीला घालायचा खटाटोप चालू आहे.

पण मागच्या शनिवारी ती आपल्या हातून जात होती. सकाळपासून जुलाब, दुपारी डोळे आत गेले, हाक मारली तर बघेना. भरती यायला दोन तास होते. बाबांनी तिला खांद्यावर टाकलं आणि चिखलातून कमरेएवढ्या पाण्यात जाऊन बकारीची होडी गाठली. लामूच्या दवाखान्यात तीन दिवस सलाईन होतं. डॉक्टरांनी विचारलं, पाणी कुठलं पाजता? बाबा म्हणाले, विहिरीचं, उकळून. मी खाली बघितलं. त्या दिवशी सरपण संपलं होतं रे. मी उकळलं नव्हतं.

परत आल्यावर तुझं पत्र आलेलं होतं. बाबा अंगणात बसले होते, म्हणाले, अथमान काय लिहितो ते वाच. तू लपव म्हणून लिहिलंस, पण तिघांनी तीन दिवस मरण जवळून पाहिल्यावर मला खोटं वाचता येईना. सगळं वाचलं. ते सगळं जातं कुठं, इथं आले तेव्हा त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, ती ओळ पुन्हा वाच. मी पुन्हा वाचली. गावातला एक जण, हेही वाचलं.

त्यानंतर ते कॉफीच्या ओट्यावर जात नाहीत. माणसं विचारायला येतात तर मी सांगते, कंबर धरली आहे. टिमा त्यांच्या पाठीवर चढते तेवढी उतरवत नाहीत.

माझं चुकलं का ते लिही. आणि रागावला असशील तरी लिही.

तुझी,
सोमोये


किजांग्वा
१३ फेब्रुवारी १९९४, दुसरा रोजा

चि. अथमान यास,
अ. उ. आ., वि. वि.

हे पत्र मी स्वतःच्या हातानं लिहितो आहे, अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच.

तुझ्या बहिणीला बोल लावू नकोस. तिनं वाचलं ते योग्य केलं.

पाच दिवस मी दुसरं काही केलं नाही, खड्डे आठवले. पहिला तुझ्या आजोबांच्या घरचा, शेवटचा गेल्या वर्षी नव्या शाळेचा. त्रेसष्ट झाले. मग पहाटेची नमाज झाली की दोर आणि लोखंडी पहार घेऊन घरोघर फिरलो. लोकांना वाटलं, कोम्बोचं डोकं फिरलं. त्रेसष्टांतले एक्केचाळीस पाण्याला टेकलेले आहेत. विहिरीपासून तीस पावलांच्या आत नऊ.

अथमान, खणताना पायाला पाणी लागलं की मी वर हाक द्यायचो आणि घरधनी हलव्याचं ताट खाली सोडायचा. तीच खड्डा उत्तम झाल्याची खूण होती. घोट्याएवढ्या गोड्या पाण्यात उभा राहून मी हलवा खाल्ला आहे. ते पाणी कुणाचं, हा विचार एकदाही मनात आला नाही.

रमजानच्या आधल्या शुक्रवारी नमाजेनंतर मी उभा राहिलो आणि सगळ्यांना सांगितलं. तुमची मुलं माझ्या खड्ड्यांनी आजारी पडली, हे त्याच शब्दांत सांगितलं.  ज्याची नात गेल्या महिन्यात जवळजवळ गेली होती तो माझ्यासमोरच बसला होता, त्यानं तोंड फिरवलं. मग शेकुवे उठला. मला वाटलं, चाळीस वर्षांचं उट्टं काढणार. तो म्हणाला, कोम्बो, तुझे खड्डे भरत नाहीत म्हणून सगळं गिऱ्हाईक तुझ्याकडे गेलं, आणि मीही मग खोल खणायला लागलो. माझेही अकरा मोज.

दुसरी गोष्ट. सरकारी साहेब येऊन गेले. सप्टेंबरअखेर पाणी सुधारलं नाही तर विहिरीवर सिमेंटची लादी बसवणार आणि आम्हाला मुख्य भूमीवर जागा देणार. पलीकडच्या गावाची अशीच लादी बसली. आज तिथं शेळ्यासुद्धा नाहीत.

तेव्हा त्या म्वांगी साहेबांना माझा सलाम सांग आणि एवढं विचार: खड्ड्याचा तळ पाण्याच्या किती वर असावा? जुन्यात काय भरावं? आणि बिघडलेलं पाणी पुन्हा सुधारतं का? नसेल सुधारत तर तेही स्पष्ट लिही.

तब्येत सांभाळ. बापावरचा विश्वास कमी झाला असेल तर तो मी कामानं भरून काढीन.

तुझा बाप,
कोम्बो


मोंबासा
२४ फेब्रुवारी १९९४

ती. बाबांस,
सा. सलाम, वि. वि.

आपलं अक्षर लागलं. तीनदा वाचलं, पण ते अक्षरासाठी नव्हे.

म्वांगी साहेबांची उत्तरं: भर पावसात पाणी जिथवर चढतं त्याच्या वर निदान एक परस, म्हणजे माणूसभर उंच, कोरडी जमीन हवी. आपल्याकडे तेवढी मिळणार नाही, म्हणून खड्डा खाली न नेता वर चढवा. जमिनीवर दगडाची दोन बंद खणांची टाकी बांधा, वर पायऱ्या. एक खण वापरा, दुसरा वर्षभर मिटून ठेवा, रोज मूठभर राख टाका. वर्षानं खत होतं, ते माडांना घाला. जुने खड्डे उपसून चुना आणि स्वच्छ वाळूनं भरा. आणि पाणी सुधारतं, बाबा. पावसानं सायीतला मळ हळूहळू समुद्रात ढकलला जातो. पण पाऊस चांगला हवा, आणि विहिरीला पंप लावायचा नाही, नाहीतर खालून खारं वर येईल. सप्टेंबरपर्यंत होईल का, ते त्यांनी सांगितलं नाही.

आता माझं. इथं मी सगळ्यांना सांगत आलो की माझे वडील घरं बांधतात. खड्डे खणतात असं कधी म्हटलं नाही. परवा आपलं पत्र मी म्वांगी साहेबांना वाचून दाखवलं आणि सांगितलं की तो गावातला एक जण म्हणजे माझे वडील. ते म्हणाले, तीस वर्षांत स्वतःहून खड्डे मोजून देणारा माणूस मला पहिल्यांदा भेटतो आहे. पाणी तपासायला आता मी स्वतः येईन, बाटली पाठवू नका, असंही ते म्हणाले.

चुना नाखव्याबरोबर पाठवला आहे. आपला आशीर्वाद डोक्यावर असू द्या.

आपला,
अथमान


किजांग्वा
२८ मे १९९४

ती. दादास,
सा. सलाम, वि. वि.

तुला बकरी ईदेच्या शुभेच्छा उशिरा देते आहे, कारण हाताला चुन्याचे चट्टे आहेत आणि पेन धरवत नव्हतं.

बाबांनी सगळ्यात आधी आपल्याच घरचा खड्डा बुजवला. तीन आठवडे आम्ही शेकुवेकाकांकडे जात होतो, टिमाला तर ती चैनच वाटली. आता आपल्याकडे पाच पायऱ्या चढून जायचा संडास आहे. बी झैना म्हणाली, राणीचं सिंहासनच की! पण तिचा खड्डा विहिरीपासून अठरा पावलांवर, आणि त्यावर मुलानं मस्कतहून पैसे पाठवून फरशी बसवलेली. ती बुजवू देईना. बाबांनी वाद घातला नाही. रोज सकाळी तिच्या दारात जाऊन बसायचे. सहाव्या दिवशी तिनं विचारलं, कोम्बो, तुला दुसरं काम नाही का? ते म्हणाले, आहे, पण तुझी माफी मागायची राहिली होती. दोर तुझे घाणेरडे नव्हते. ती आत गेली आणि फरशी उचकटायला स्वतःच पहार घेऊन आली.

विहिरीजवळचे नऊच्या नऊ झाले. एकूण अडतीस झाले. गाढवं वाळू वाहून थकली, माणसं अजून नाहीत. ज्यानं तोंड फिरवलं होतं तो आजोबा दगड आणून देतो, बोलत मात्र नाही. पाऊस यंदा असा लागलाय की मशिदीची टाकी दोनदा भरून वाहिली.

पण खरं सांगू, भीती जात नाही. बाबा रोज विहिरीत डोकावतात. पाणी तर आधीही काचेसारखंच दिसायचं. डोळ्यांना कळत नाही हेच वाईट आहे.

लोभ आटू देऊ नकोस.

तुझी,
सोमोये


मोंबासा
१५ सप्टेंबर १९९४

चि. सोमोयेस,
अ. उ. आ., वि. वि.

बकारीची होडी निघते आहे म्हणून चारच ओळी. म्वांगी साहेबांनी बर्फाच्या पेटीतून नेलेलं पाणी तपासलं. मैल्याचे जंतू नाहीत. क्षार निम्म्याहून खाली आलाय, आणखी एका पावसात मर्यादेत बसेल म्हणतात. सरकारी साहेबांना त्यांनी लेखी कळवलं आणि उत्तरही आलं: लादी बसणार नाही. कागद सोबत आहे, शिक्क्यासकट. वर्षभर तरी पाणी उकळूनच प्या.

दुकानात मी हे वाचलं आणि गिऱ्हाइकासमोर रडलो. त्याला वाटलं, कुणी गेलं. मी म्हटलं, नाही, कुणी कुठं जाणार नाही.

बाबांना तूच वाचून दाखव.

तुझा,
अथमान


किजांग्वा
१९ सप्टेंबर १९९४

ती. दादास,
सा. सलाम, वि. वि.

तुझं पत्र दुपारी जेवताना आलं. आम्ही नारळाच्या भाताला आणि तळलेल्या माशाला नुकतीच सुरुवात केली होती. शेकुवेकाकाही जेवायलाच होते, हल्ली असतातच. मी वाचलं. काकांनी माझ्या हातातला कागद ओढून घेतला, शिक्का बोटानं चाचपला आणि भरल्या तोंडानंच गल्लीत धावले. लोक जमायला लागले. बी झैनानं आनंदानं असा काही आवाज काढला की माडावरचे कावळे उडाले. ज्या आजोबांनी सात महिने बाबांशी शब्द टाकला नव्हता ते दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, कोम्बो, माझ्या घरचा खण केव्हा करतोस?

बाबांनी उत्तर दिलं नाही, तेव्हा आजोबांचा चेहरा पडला. मी वळून बघितलं.

दादा, ते झोपले होते. बसल्या बसल्या, भिंतीला डोकं टेकवून, हात तसाच भाताच्या ताटात. फेब्रुवारीपासून या माणसानं दुपारी पाठ टेकलेली मी पाहिली नव्हती. मी सगळ्यांना ओठावर बोट ठेवून गप्प केलं. आजोबा चपला काढून आत आले, त्यांनी ओल्या फडक्यानं बाबांची बोटं एकेक करून पुसली, ताट हळूच बाजूला सरकवलं आणि मला खुणेनं विचारलं, उशी कुठं आहे? तिसऱ्या प्रहरी अस्राच्या नमाजेची बांग झाली तरी आम्ही उठवलं नाही. इमामसाहेबांनी निरोप धाडला, झोपू द्या, तो थोड्या वेळानं पढेल.

या ईदेला मात्र तुला यायलाच हवं. माया आहेच, पण ती पत्रातून किती दिवस पुरवायची?

तुझी,
सोमोये