सात पाकिटे

धाड, मंगळवार, ९ जानेवारी १९६२

आज सुमनला फार बोललो, आणि तेही आईच्या देखत.

मी कामाला आहे त्या कापसाच्या जिनातल्या मुनीमजींच्या सांगण्यावरून या महिन्यापासून पगार सात पाकिटांत वाटून ठेवला आहे. प्रत्येकावर ठळक अक्षरांत नाव लिहिले आहे. आज बाजारानंतर मोजले, तर 'आईचे डोळे' या पाकिटात तीन रुपये कमी. परवा बुलढाण्याला डॉक्टरांकडे जायचे आहे. सुमनने त्यातूनच तेल-मीठ आणले होते. मी ओरडलो, "आईचे डोळे मिठात घातले!" असे कसे बोललो मी?

सुमन म्हणाली, "जे जाड होतं त्यातून घेतलं. माह्या माहेरी तसंच घेतात."

आई हसली. "तिले वाचता येत नाही, मले दिसत नाही. मंग बाबू, तू हे लिवलं कोनासाठी?"

लग्नाला चार महिने झाले. तिला वाचता येते का, हे मी विचारलेच नव्हते.

मग सुमनच पाकिटे घेऊन बसली. मी नाव सांगायचे, तिने खूण करायची. किराण्याला तेलाचे बोट, आईच्या डोळ्यांना काजळाचे. शेवटचे उचलून तिने विचारले, "अन् हे?"

त्यावर मी 'माझा चहा व पान' असे लिहिले आहे. दरमहा पाच रुपये. खरे सांगायला काय हरकत होती? पण तोंडातून निघाले, "आजारपण."

तिने त्यावर जपून हळदीचे बोट उमटवले आणि आईला म्हणाली, "आता नाही चुकत मी."