कोऱ्या कापडाची पट्टी

सिंधीपुरा, बुऱ्हाणपूर
ता. १६ डिसेंबर १९५६, रविवार

चि. सौ. शोभास,

भिकनदादाचे अनेक आशीर्वाद. दिगंबररावांना माझा नमस्कार सांग. तुझी वहिनी बरी आहे. थंडी बरीच पडली आहे, राजघाटावर सकाळी अंघोळीला माणूस दिसत नाही. मोतीलालच्या मळ्यात केळी चांगली धरली आहेत, तुझा सुरेश नाशिकला तुझ्याकडे येईल तेव्हा दोन फण्या त्याच्याबरोबर देतो. राजधानी नागपूरहून भोपाळला गेल्यापासून कचेरीत सगळे नवे आहेत. आपल्या तालमीच्या अनुदानाच्या अर्जावर सही कोणी करायची ते बाबूंनाच ठाऊक नाही. मीही तो नाद सोडला.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. सुरेशचा हात बरा झाला ना, जानेवारीच्या पोलीस भरतीला तो येईल ना, असं तू विचारलंस. शेवटी अक्षरं गिरवून गिरवून विचारलंस की तो स्वतः का लिहीत नाही. पत्र मी पाच दिवस मारुतीच्या कोनाड्यात ठेवून दिलं. तुझ्या वहिनीने दोनदा माझ्यापुढे ताट आपटलं. आता ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही.

तो लिहीत नाही, कारण त्याला पेन धरता येत नाही. उजव्या हाताची बोटं तळव्याकडे वळून बसली आहेत. मनगट खाली वाकवलं की थोडी उघडतात, सरळ केलं की पुन्हा मिटतात. भरतीचं मनातून काढून टाक.

हात मोडला तो दिवाळीनंतरच्या शनिवारी, तालमीच्या कुस्त्यांच्या दंगलीत. चांदनी गावच्या पहिलवानाने त्याला उचलून टाकलं आणि पोर हात टेकून पडला. आखाड्याची माती त्या सकाळी मी खोदून भुसभुशीत करून घ्यायला हवी होती. पाहुण्यांच्या हारतुऱ्यांत ते राहून गेलं. पण पडणं, मोडणं आखाड्यात चालायचंच. त्याच्यासाठी मी हे पत्र लिहीत नाही.

मोडलेलं हाड बांधायची आपल्या तालमीची रीत तुला माहीत आहे. आधी आपले आबा पट्टी बांधत, आता मी बांधतो. विणकराकडचं कोरं, न धुतलेलं कापड ओलं करायचं, चहूकडून बांबूच्या कामट्या लावायच्या आणि मारुतीसमोर पट्टी आवळायची. कोरं कापड वाळताना आणखी घट्ट होतं, म्हणून हाड हलत नाही. शनिवारी बांधलेली पट्टी पुढच्या शनिवारीच सुटायची. मधे सोडली तर हाड रुसतं, असं आबा म्हणत. मी तेच पोरांना मोठ्या रुबाबात सांगत आलो.

रविवारी सकाळी सुरेश म्हणाला की हात ठणकतो आहे, बोटांना मुंग्या येतात. मी म्हटलं, येणारच. दुपारी तो पुन्हा आला. तोंड पांढरं पडलं होतं. "मामा, बोटं सुन्न झाली. जरा ढीली करा ना."

तुझी वहिनी चुलीपुढून उठून आली, त्याचा हात धरून पाहिला आणि मला म्हणाली, "पोराचे नखं निळे पडून राहिले. खोलून टाका ती पट्टी."

शोभा, मी काय बोललो ते जसंच्या तसं लिहितो. "शनिवारच्या आधी पट्टी सुटत नाही. पहिलवान असशील तर सोस, नसशील तर आईकडे जा."

सोमवारी दुखणं थांबलं. मला वाटलं, उतार पडला. माझ्यासारखा मूर्ख गावात दुसरा नसेल. शनिवारी पट्टी सोडली तर हात लाकडासारखा गार.

पुढच्या सोमवारी त्याला खांडव्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, मोडलेल्या हाताला सूज येतेच, तिला जागा ठेवावी लागते. बोटांची टोकं घडीघडी पाहायची. गार पडली, निळी झाली, मुंग्या आल्या की पट्टी त्याच क्षणी सोडायची. काही तासांचाच खेळ असतो, आतलं मांस मेलं की ते परत येत नाही. रविवारी दुपारी आणला असता तर हात वाचला असता. मग त्यांनी विचारलं, इतकी आवळून कोणी बांधली?

मी तोंड उघडायच्या आत सुरेश बोलला, "मैंने ही कसके बांध ली थी, साहब. मामाने मना किया था."

मी खाली फरशीकडे पाहत उभा राहिलो. डॉक्टरांनी त्याला वाटेल तसं झापलं. मी ऐकून घेतलं. तुला मागच्या पत्रात मी तेच खोटं लिहिलं, की पोराने आपल्या हाताने पट्टी आवळली. परतताना गाडीत त्याला विचारलं, असं का केलंस? तो म्हणाला, "तालीम बंद पडली असती, मामा."

आता तो सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यात हात धरतो, फळीवर एकेक बोट सरळ करून बांधतो. डॉक्टरांनी वर्षभर करायला सांगितलं आहे. तेवढ्याने चमचा धरता येईल, म्हणाले. त्याहून जास्त काही बोलले नाहीत. मी कामट्या चुलीत घातल्या. पोरांना सांगतो, हाड मोडलं तर दवाखाना गाठा. ती हसतात, वस्ताद म्हातारे झाले म्हणतात. खरं कारण मी त्यांनाही अजून सांगितलेलं नाही. हे पत्र टाकून तालमीत जाईन आणि सांगेन.

सुरेश येत्या शनिवारच्या गाडीने तुझ्याकडे निघेल. तुलाही तो हेच सांगेल की चूक त्याची होती. त्याला बोलू दे, पण मानू नकोस.

भाऊबीजेला ओवाळताना तू म्हणालीस, "दादा, पोरगं तुझ्या हाती देते." हात मोडला तेव्हा त्याला आठवडाही झाला नव्हता. पुढच्या भाऊबीजेला बोलावलंस तर येईन, दारात उभा राहीन. पाट मांडू नकोस.

पट्टी मी बांधली, आणि सोडली नाही.

भिकन