व्याह्यांकडे जाताना काय घालावं

कुह्मो, फेब्रुवारीतला रविवार

प्रिय सायमीताई,

तुझ्या धाकट्या भावाचा कमरेएवढ्या बर्फातून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भावजींचा खोकला गेला का? तुमच्या तुर्कूत म्हणे यंदा सकाळी पडलेल्या बर्फाचा दुपारपर्यंत चिखल होतो. असल्या प्रकाराला तुम्ही हिवाळा कुठल्या तोंडाने म्हणता? इथे काल उणे सत्तावीस होतं, ऊन लख्ख होतं आणि तुझा भाऊ ठणठणीत आहे. (कमरेपासून खाली थोडा शिजला आहे, पण ते पुढे येईलच.)

काल इंकेरीच्या सासरी जाऊन आलो. होणाऱ्या सासरी म्हण. ओत्सो तुला माहीतच आहे. तोच तो उंच, लाजरा मुलगा, ज्याला पातळ मोजे घातल्याबद्दल मी पहिल्याच भेटीत फैलावर घेतलं होतं. त्याचे आईवडील, आह्ती आणि हिल्का, तळ्यापलीकडच्या वाडीत राहतात. त्यांची माझी अजून गाठ पडली नव्हती. लेम्पी असती तर ही पहिली भेट तिने निभावली असती आणि मी नुसता मान हलवत कॉफी प्यायलो असतो. ती गेल्यापासून मान हलवायचं आणि बोलायचं, दोन्ही खाती माझ्याकडे आली आहेत. खरं सांगतो ताई, आठवडाभर मला एकच धास्ती होती. आईविना पोर, बाप गबाळा, असं त्या घरात कुणाच्या मनातसुद्धा यायला नको होतं.

इंकेरीने आधीच बजावून ठेवलं होतं. काळा सूट नको, बर्फगाडीवरचा नारिंगी कोट तर मुळीच नको. साधं, उबदार, घरगुती घाला म्हणाली. आणि तिथे जाऊन कपड्यांवर व्याख्यान देऊ नका, हेही म्हणाली. आता तूच सांग, ज्या माणसाने उभा जन्म रस्त्यांवरचा बर्फ ढकलण्यात घालवला, त्याला थंडीत काय घालावं हे त्याच्या लेकीने शिकवायचं? आत लोकर, मध्ये कापड, वरून वारा अडवणारं जाड काहीतरी. एवढं साधं शास्त्र आहे, पण आजकालच्या पोरांना एकच मोठा फुगीर कोट घातला की झालं असं वाटतं. (बघ, व्याख्यान सुरू झालं. थांबतो.)

तर काल सकाळी मी निळा स्वेटर काढला आणि करड्या पँटला स्वतः इस्त्री केली. अगदी धारदार इस्त्री. ती पँट खुर्चीच्या पाठीवर टाकली आणि म्हटलं, आधी अंगणातला बर्फ उपसून घेऊ. आता बर्फ उपसताना मधली पँट घालायची नसते, घामाने चिंब होते. हेही शास्त्रच. म्हणून मी आतल्या लोकरीच्या विजारीवर थेट बर्फातली जाडजूड पँट चढवली, वर स्वेटर आणि कोट घातला आणि फावडं घेतलं. उपसणं संपतंय तोवर शेजारच्या वैनोची गाडी उतारावर रुतली. ती ढकलायला गेलो. ढकलून वळतो तर इंकेरी आणि ओत्सो गाडी घेऊन दारात हजर. उशीर होतोय म्हणून मी तसाच मागे बसलो, आणि वाटभर ओत्सोला कपड्यांचे थर समजावून सांगितले.

व्याह्यांच्या दारातल्या छोट्या खोलीत शिरलो. बूट काढले, कोट काढला, टोपी काढली. विहीणबाई समोर हात पुढे करून उभ्या, बाकी सगळ्यांच्या जाड पँटी एव्हाना खुंटीला लागलेल्या. मी जाड पँटचे खांद्यावरचे पट्टे सोडायला हात घातला आणि तिथेच गोठलो. माझी करडी पँट, इस्त्रीसकट, घरी खुर्चीवर होती.

ताई, तू दरवर्षी पाठवतेस त्या लोकरीच्या विजारी उत्तम असतात, त्यांच्याविषयी माझी काही तक्रार नाही. पण परक्या बाईसमोर, पहिल्या भेटीत, गुडघ्याला ठिगळ लावलेल्या आतल्या विजारीत कोण उभं राहील? मी म्हणालो, राहू दे, कमरेत जरा थंडी भरली आहे. झालं. विहीणबाईंनी माझी खुर्ची घर तापवणाऱ्या भट्टीला टेकवून ठेवली. मांडीवर घोंगडी घातली. वाफाळतं माशाचं सूप दिलं, ते संपल्यावर पुन्हा दिलं. वर वेलचीचा गोड पाव आणि कॉफी, कॉफी आणि पुन्हा कॉफी. माझ्या पोटऱ्यांवरून घामाचे ओघळ मोज्यांत उतरत होते. जरा हललो की पँट खसखसायची, आणि आपल्याकडे जेवताना कुणी बोलत नसल्यामुळे ती खसखस घरभर ऐकू जायची.

पण घामाचं मला एवढं नव्हतं. आपल्याकडे घरात शिरूनही वरचे कपडे न उतरवणारा पाहुणा म्हणजे निघायच्या तयारीतला पाहुणा. लग्नाची बोलणी करायला यायचं आणि बाहेरच्या पँटीत बसायचं, म्हणजे मुलगी द्यायची नाही असंच झालं. हे माझ्या डोक्यात आलं तेव्हा विहीणबाईंकडे पाहिलं. त्या ओठ घट्ट मिटून ताटलीकडे बघत होत्या. व्याही खिडकीबाहेर बघत होते. ओत्सो तर पांढराफटक पडला होता. कॉफीचे कप आत न्यायच्या निमित्ताने इंकेरीने मला स्वयंपाकघरात ओढलं.

"बाबा, तुम्हाला हे लग्न नको असेल तर तोंडाने सांगा ना. असं कपडे घालून काय बसलात?"

तिचे डोळे भरले होते. मला खरं सांगायचं होतं, पण पाठोपाठ विहीणबाई आत आल्या आणि मी पुन्हा कमरेचंच काहीतरी पुटपुटलो. त्या क्षणी माझ्याइतका नालायक बाप अख्ख्या फिनलंडात नव्हता.

वाचवलं कुणी, तर व्याह्यांनी. आल्यापासून त्यांच्या तोंडून एक अक्षर निघालं नव्हतं. ते दारात येऊन म्हणाले, सॉना तापलाय, पुरुषमाणसं आधी. ओत्सो भांडी घासायला थांबला आणि आम्ही दोघं बाप अंगणापलीकडच्या त्या लाकडी खोलीकडे निघालो. आता गंमत बघ. आतल्या विजारीत कॉफी पिणं म्हणजे अब्रूचा पंचनामा, पण ज्याला आज पहिल्यांदा पाहिलं त्याच्यासमोर नागडं होऊन वाफ घेणं म्हणजे सभ्यपणा. मी कपडे उतरवले. व्याह्यांनी विजार पाहिली, खुंटीकडे पाहिलं आणि आत गेले. तापल्या दगडांवर पाणी ओतलं. वाफ झाली. पुन्हा ओतलं.

"मधली कुठंय?"

"घरी. खुर्चीवर."

त्यांनी तिसऱ्यांदा पाणी ओतलं आणि मग त्यांचे खांदे गदागदा हलायला लागले. बाकावरून पडतात की काय असं वाटलं. मीही हसलो, आणि हसता हसता सगळं सांगून टाकलं. लेम्पीचं, इस्त्रीचं, इंकेरी रडली त्याचंही. त्यांनी माझ्या ओल्या पाठीवर एक थाप मारली.

घरात परतलो तेव्हा व्याही पुढे होते. त्यांच्या अंगात शर्ट आणि खाली त्यांची स्वतःची आतली विजार, बस्स. तसेच जाऊन टेबलाच्या मुख्य खुर्चीवर बसले आणि मला शेजारची खुर्ची दाखवली. मीही ठिगळासकट बसलो. इंकेरीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ती इतकी हसली की पुन्हा रडली. विहीणबाईंनी कप भरले आणि म्हणाल्या, "आता कसे घरच्यासारखे बसलात." एवढ्यात ओत्सो उठून आत गेला आणि तोही विजारीत येऊन बसला. सुती विजार, ताई! उणे सत्तावीसमध्ये सुती! मग मात्र मी व्याख्यान दिलं, आणि या खेपेला कुणीही मला थांबवलं नाही.

लग्न जूनमध्ये ठरलं आहे.

तुझा लाडका (आणि एकुलता) भाऊ,
कौको

ता. क. : पत्र लिहायला घेतलं होतं ते खरं तर एका कामासाठी. चर्चमध्ये इंकेरीचा हात धरून मला चालायचं आहे. माझ्याकडे सूट एकच, तो लेम्पीला निरोप देताना घातलेला. त्यात लेकीला बोहल्यावर न्यायला माझं मन घेत नाही. नवा घ्यायचा तर लेम्पीशिवाय मी आजवर कधी साधा शर्टसुद्धा निवडलेला नाही. तू आठवडाभर ये ना. आपण दोघं कायानीला जाऊन घेऊ.

ता. क. दोन : पाकीट बंद करणार तेवढ्यात इंकेरीचा फोन आला. विहीणबाईंना म्हणे दारातच सगळं कळलं होतं. बूट काढायला वाकलो तेव्हा माझ्या घोट्याशी नुसती लोकर दिसली होती. भट्टी, घोंगडी, दुसऱ्यांदा सूप, हे सगळं त्यांनी मी किती वेळ तग धरतो ते बघायला केलं. ताटलीकडे बघत होत्या ते हसू दाबायला. माझी पोर अशा बाईच्या घरी चालली आहे, ताई. आज रात्री मी किती दिवसांनी शांत झोपणार आहे म्हणून सांगू.