गुरुजी, तुमचा आवाज सी ड्राइव्हमध्ये होता

गुरुजी, तुम्ही गेलात त्यानंतर काही महिन्यांनी तुमचा आवाजही गेला, माझ्या डोळ्यांदेखत. इतकी वर्षं झाली, अजून विश्वास बसत नाही.

त्या दिवाळीत तुम्ही अवसरीला आमच्या घरी आला होतात. मुलाने घेऊन दिलेल्या कॉम्प्युटरसमोर मी तुम्हाला बसवलं, हातात माइक दिला. तुम्ही माइकलाच दटावलंत, "ऐकतोयस ना रे? मान हलव की!" मग डोळे मिटून नदीची कविता म्हणू लागलात. चौथीच्या वर्गात म्हणायचात तशीच, ओळीच्या शेवटी थांबून, जणू पुढची ओळ घोडनदीच्या पल्याडून यायची आहे. ते रेकॉर्डिंग ठेवायचं कुठे? डिस्कचे दोन भाग केलेले, सी आणि डी. मुलगा फोनवर बजावायचा, "अण्णा, जपायचं ते सगळं डीमध्ये टाका." पण डी म्हणजे मला अडगळीची खोली वाटायची. गुरुजींना अडगळीत कसं ठेवायचं? मी तुम्हाला दर्शनी ठेवलं, पडद्यावर, मशीन लावलं की समोर दिसाल असं.

उन्हाळ्यात मशीन सुरूच होईना. मंचरहून दुरुस्तीवाली बाई आली. त्या दिवाळीआधीच्या खंडेनवमीला मशीनची पूजा करायच्या आधी तिनेच सीची इमेज काढून डीमध्ये ठेवली होती. इमेज म्हणजे तो भाग त्या दिवशी होता तसाच्या तसा.

"काका, हीच परत चढवते. मशीन खंडेनवमीला व्हतं तसं व्हईल. पर सीमधलं त्यानंतरचं समदं जाईल. काय ठेवलंय का तिथं?"

"छे! सीला मी हातसुद्धा लावत नाही."

"बघा हां. नायतर काकू मला पुन्यांदा चहा देणार नाय."

मी हसलो. निळी पट्टी सरकत होती आणि मी तुमचीच कविता गुणगुणत बसलो होतो.

मशीन सुरू झालं. पडदा लख्ख. तुम्ही नाही.

"इथं गुरुजी होते," मी म्हणालो.

तिचा चेहरा उतरला. "अवो काका, पडद्यावरचं बी सीमधीच असतंय!"

मला अर्थच लागेना. समोर दिसतंय तेही आत कुठेतरी ठेवलेलं असतं, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. तिने खूप शोधलं. मी खुर्चीची पाठ घट्ट धरून उभा. खंडेनवमीपर्यंतचं सगळं जागच्या जागी होतं. दिवाळी मात्र आमच्या घरात कधी आलीच नव्हती, असं ते मशीन शांतपणे दाखवत होतं.

कविता मला तोंडपाठ आहे, ती कुठे जात नाही. हा कागदही कुठे जायचा नाही, म्हणून लिहितो. त्या दिवशी मी चहा आणायला आत गेलो, तेव्हा कविता संपवून तुम्ही माइकशी एकटेच बोलत होतात. मी बाहेर आलो तर म्हणालात, "शेवटचं तुझ्यासाठी आहे लेका, निवांत ऐक." मी दर वेळी कविता संपली की बंद करायचो. पुढचं राखून ठेवलं होतं. तुम्ही गेल्यावर तर धीरच झाला नाही.

तुम्ही काय म्हणालात, गुरुजी, ते मी एकदाही ऐकलं नाही.