चपला राहू द्या

सोम. २२ नोव्हें. १९७१
मो. सा.नी केबिनमध्ये बोलावलं. (मोठे साहेब, म्हणजे आमचे प्राचार्य. तोंडावर 'सर', पाठीमागे मो. सा.) वाटलं, पुन्हा ॲसिडच्या बाटल्या फुटल्याचं विचारणार. तर कलेक्टर कचेरीतून पत्रक आलंय. लढाईचा काही नेम नाही, प्रत्येक मोठी इमारत झटपट रिकामी करायची योजना पाहिजे. सायन्स बिल्डिंगची कोण करणार? प्रोफेसर मंडळी पंख्याकडे बघत बसली. म्हटलं, मी करते. मो. सा. म्हणाले, "बाई, हे जरा पुरुषी काम आहे." वा रे वा! म्हटलं, "सर, वरच्या मजल्यावर रोज गॅस मीच पेटवून घेते आणि मीच विझवून घेते. आजवर कुणाची भुवई जळलेली नाही." काम माझ्याकडे.
घरी ह्यांना सांगितलं. हे भिंगारला मिलिटरीच्या ऑफिसात कारकून, त्यामुळे लढाई म्हणजे जसं ह्यांच्याच घरचं कार्य. म्हणाले, "चला, आजपासून सेनापतीच्या हातचं पिठलं."

मंगळ. २३
बिल्डिंग पायाखाली घातली. केमिस्ट्रीची लॅब सगळ्यात वर, म्हणजे खरी ओरड आमचीच. पुढचा जिना रुंद. मागचा अरुंद, आणि त्याच्या दाराला कुलूप. का? तर हजेरी देऊन पोरं मागून सटकतात म्हणून! बॉम्ब पडला तरी चालेल, हजेरी पडता कामा नये.
किल्ली मागितली. मो. सा. नाही म्हणाले. दुपारी परत गेले. चहाच्या वेळी परत. शेवटी वैतागून टेबलावर आपटली. शिपाई रंगनाथनं गोडेतेल सोडून कुलूप उघडलं. "बाई, ह्ये दार उघडल्यालं म्या तर कवाच बगितलं न्हाई." छाती फुगली हो माझी.

बुध. २४
पहिला सराव. फजिती.
रंगनाथनं व्हरांड्यातल्या रुळाच्या तुकड्यावर टोल द्यायला सुरुवात केली. खालचे वर्ग भराभर निघाले. आमची लॅब? दारातच तुंबली. चपला!
लॅबमध्ये पायताण आणायचं नाही ही शिस्त माझीच. दाराबाहेर सत्यनारायणाला असावा तसा ढीग. पोरं त्यात वाकून आपापला जोड शोधतायत, मागचे पुढच्यांवर आदळतायत. "सरक की!" "ए, ती माझी हाय!" मी ओरडतेय, विमानं आली रे डोक्यावर! तर एक महाशय, "बाई, नवी कोरी हाय, दिवाळीचीच." एक जण एक आपली आणि एक दुसऱ्याची घालून खाली पोचला. रंगनाथचा हात भरून आला, टोल थांबला, तरी आम्ही वरच.
मो. सा. खाली कडुनिंबाखाली उभे. बोलले काही नाहीत. हसले. त्यापेक्षा बोलले असते तर बरं झालं असतं.

गुरु. २५
हे म्हणाले, "मग चपला आतच घालू दे की." म्हणे घालू दे! नगरची धूळ तराजूच्या खोलीत शिरली की सगळी वजनं बोंबलली. लढाई आज आहे, उद्या नसेल. धूळ कायमची.
नियम केला : टोल पडला की चपला राहू द्या. अनवाणी निघायचं. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं. खाली मैदानात सराटे आहेत, पोरं कुरकुरली. म्हटलं, सराटा काढता येतो.

शनि. २७
दुसरा सराव. चपला राहिल्या! पोरं धडाधड अनवाणी उतरली. मी खूश, तेवढ्यात बघते तर कमल दारात तशीच उभी. भिंतीला धरून.
कमल सोनईची, इथं वसतिगृहात राहते. लहानपणी तापात डावा पाय गेला. तो पाय आखूड, म्हणून भिंगारच्या चांभाराकडून एका चपलेला जाड तळ लावून घेतलाय. ती चप्पल आणि कुबडी यांच्या जोरावर रोज सगळ्यांच्या आधी वर येते. हात असा स्थिर, की ब्यूरेटच्या नळीतला थेंब हवा तिथेच थांबवते. लॅबमध्ये ती ढिगात चप्पल काढत नाही, बाकाखाली ठेवते, कुबडीवर काम भागवते. आज माझा नियम ऐकून तिनं ती तिथंच ठेवली. सगळ्यांत आधी.
"अगं, तू का नाही घातलीस?"
"तुमीच म्हनला ना, राहू द्या." मग खाली बघून, "बाई, बाकीच्यांची ती चप्पल हाय. माझा तो पाय हाय."
नियम करताना ही पोर माझ्या डोक्यातच नव्हती.
एन.सी.सी.ची दोन पोरं खुर्ची घेऊन आली, हिला उचलून नेतो म्हणून. चांगली पोरं, मान खाली घालूनच उभी होती. पण कमलनं कुबडी उगारली. "हात लावाल तर बगा! म्या काय आजारी हाय का मढं हाय?" पोरं खुर्चीसकट मागे. मनातून म्हटलं, शाब्बास.
पण मो. सा.नी सगळं पाहिलं. केबिनमध्ये : "त्या मुलीला लढाई मिटेपर्यंत घरी पाठवा. उद्या काही झालं तर जबाबदार कोण?" मी सांगितलं, सर, पोरगी एकदा गावी गेली की गेली. वडिलांचं आधीच चाललंय, बास झालं शिक्षण, असल्या पायानं कुठं मास्तरीण होणार. भांडले. शेवटी एवढं कबूल करून घेतलं : पुढच्या सरावाला रंगनाथचा टोल थांबायच्या आत ती स्वतः खाली आली तर राहील.
आली तर.

सोम. २९
कॉलेज सुटल्यावर कमलला मागच्या जिन्यावर नेलं. विचारलं, घरी जिना आहे का? "माळवदावर जायला पायऱ्या हायेत की. वाळवन राखायला मीच असते. कुरडया खाऊ देत न्हाई कावळ्याला." मग उतरतेस कशी? लाजली. पदर तोंडाला लावला. मग कुबडी खाली सोडून दिली, ती खडखडत गेली, आणि कमलबाई पायरीवर बसल्या. दोन्ही हात टेकून पायरीमागून पायरी, सर्रकन! मी वरून "अगं हळू, हळू" म्हणेपर्यंत वळणावर.
"पर बाई, पोरांसमोर न्हाई जमायचं. हसत्यात."
तिथंच मनात पक्कं केलं. मागचा जिना मुलींचा. मुलगे सगळे पुढून. अरुंद आहे तेच बरं, दोन्हीकडे हात पुरतो.
म्हटलं, आधी आपण करून पाहावं. बसले आणि उतरले. बूड शेकलं, पातळ मागून पांढरंफटक. कमल खाली लोटपोट हसतेय. घरी हे म्हणाले, "सेनापती घोड्यावरनं पडले वाटतं."

शुक्र. ३ डिसें.
तिसरा सराव. जिंकलो! आपलीच लाल म्हणतील, म्हणोत.
मो. सा. मुद्दाम वर लॅबमध्ये येऊन बसले, परीक्षा घ्यायला. माझ्या शिस्तीप्रमाणे चपला बाहेर काढून. टोल पडला. मुलगे पुढून, मुली मागून. आमच्या मुलींनी तर काय केलं, कमलला आधी जाऊ दिलं, आणि ती बसली तशा दोघीतिघी तिच्यामागे बसल्याच. म्हणे, "भारी मजा येती बाई!" कुणी कुणाला हसायचं मग? टोल चालू असतानाच कमल कडुनिंबाखाली कुबडीवर उभी, गाल लालबुंद.
सगळे मोजून झाले. एक माणूस कमी. मो. सा.! वर चपलांच्या ढिगात आपला जोड शोधत होते. टोल थांबला, मग आले. चपला घालून. पोरांनी ओठ दाबून धरले. मीही.
मो. सा. म्हणाले, "सराव ठीक आहे. खरी वेळ वेगळी असते." पण कबूल केलेलं मोडलं नाही. कमल राहिली.

शनि. ४
लढाई लागली. रेडिओला सगळी आळी चिकटलेली. खिडक्यांना काळे कागद लावले, ह्यांनी खळ जास्त केली, हातभर ओघळ. ह्यांना आता घरी यायला उशीर होणार. भीती वाटतेय. लिहून टाकते म्हणजे उतरेल.

बुध. ८
दुपारी प्रॅक्टिकल चालू असताना भोंगा वाजला. रंगनाथचा टोल नव्हे. गावातला, लष्कराकडचा. खरा की सरावाचा, कुणाला ठाऊक नव्हतं. तोंडातून निघालं ते एवढंच, "चपला राहू द्या!"
आणि राहिल्या हो! एकही पोरगं वाकलं नाही. मुलगे पुढच्या जिन्यानं, मी त्यांच्यामागे. मुली मागून. खाली आले, मोजले. मुलगे पुरे. मुली मोजल्या. कमल नाही.
परत वर पळणार तोच मागच्या दारातून आधी कुबडी आली खडखडत, आणि मागून कमल, बसलेली, केसात जळमट. "शिगड्या तशाच जळत हुत्या बाई. गॅसचा मेन कॉक बंद क्येला." शिगड्या म्हणजे आमचे बर्नर.
तिच्या अंगावर ओरडले, कुणी सांगितलं होतं तुला! आणि ओरडता ओरडता रडायलाच लागले, सगळ्यांसमोर. इतक्या धांदलीत गॅस विसरले ती मी, आणि बंद केला तो माझ्या विद्यार्थिनीनं. इतका अभिमान मला स्वतःच्या पदवीचाही वाटला नव्हता.
आपत्ती आली नाही. थोड्या वेळानं सुटकेचा भोंगा झाला. वर गेले तर दाराबाहेर चपलांचा ढीग जसाच्या तसा. तिथंच उभी राहून पोटभर बघून घेतला.

गुरु. ९
मो. सा. : "शेवटी कोण आलं? तीच ना?" म्हटलं, सर, शेवटी आली कारण बिल्डिंग तिनं वाचवली. "तेच म्हणतोय मी. तिला काही झालं असतं तर?" त्यांनी तिच्या वडिलांना पत्र टाकलंय, घेऊन जा म्हणून. मला न विचारता. रागानं हातातली टेस्टट्यूब मोडली. पण संध्याकाळभर विचार करून एक कबूल करावं लागतंय, माणूस घाबरलेला आहे. घाबरतो ते काही वाईट नाही.
कमलला सांगितलं. तिनं ब्यूरेट धुतली, उलटी लावली, गेली.

मंगळ. १४
तात्या आले. कमलचे वडील. उंच, पांढरं धोतर, फेटा, हातात पोरीची वळकटी बांधायला सुताची दोरी. दोरी ऑफिसच्या पायरीवर ठेवून मला म्हणाले, "बाई, पोरीला न्यायला आलोय. सायबांचं पत्र आलं. लढाईचं दीस." मी म्हटलं, न्या. पण आधी ती काय करते ते बघा, मग न्या.
वर आले. दाराशी वहाणा काढल्या, न सांगता. लॅबमध्ये पोरीच्या हातातल्या ब्यूरेटकडे बघत राहिले. थेंब पडतोय, कमल बघतेय, आणि एका थेंबाला पाणी गुलाबी. "ह्ये काय क्येलंस गं?" "काय न्हाई तात्या. ॲसिड कुटं संपलं त्ये कळलं."
आणि रंगनाथचा टोल. आज मंगळवारचा सराव, मी विसरलेच होते. (कसली विसरतेय! तात्यांसाठीच आजचा धरला होता.) कमलनं आधी गॅस बंद केला. आता ते काम तिचंच, फळ्यावर नाव लिहिलंय. तात्या धावले तिला उचलायला. तिनं हात वर केला. "तात्या, तुमी म्होरच्या जिन्यानं जावा. ह्यो पोरींचा हाय."
तात्या माझ्याबरोबर खाली, अनवाणी, सराट्यांत उभे. नजर मागच्या दारावर. आधी कुबडी आली. मग ती. टोल अजून चालूच होता. तात्यांनी फेट्याच्या शेवटानं तोंड पुसलं.
"आन् हिच्या वहाना?"
"वरच. नियम आहे."
तात्या वर गेले. परत आले तेव्हा एका हातात आपल्या वहाणा, दुसऱ्या हातात तिच्या. आपल्या वहाणा बाजूला टाकल्या. तिच्या, ती जाड तळाची आधी, खाली वाकून तिच्या पायापुढं मांडल्या. सगळं कॉलेज बघत होतं. आपल्याकडे बापानं लेकीच्या वहाणा उचललेल्या मी कधी पाहिल्या नाहीत. मो. सा. गच्चीकडे बघायला लागले. मी नाही, मी डोळे भरून बघितलं.
मग म्हणाले, "गाडीची वेळ झाली. शुक्रवारी येतो." न्यायला की भेटायला, ते बोलले नाहीत. कमलनंही विचारलं नाही, मीही नाही.
दोरी ऑफिसच्या पायरीवरच विसरलेत. रंगनाथ म्हणाला, उचलून ठेवू का बाई? म्हटलं, राहू दे.